प्रश्न फळ्यावर राहू दे

संगमनेर

चि. मुक्ता हिस,


बारावीनंतर इंजिनिअरिंगला न जाता सैद्धान्तिक भौतिकशास्त्र शिकायचं म्हणतेस, हे ताईनं फोनवर सांगितलं. मला मनापासून आनंद झाला. पण या वाटेवर काय लागतं, ते आधीच कळलेलं बरं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचं आयुष्य समोर ठेव. जन्म १९३८चा, कोल्हापूरचा, बालपण बनारसला. तिथं घरातल्या फळ्यावर मोरूमामा त्यांच्यासाठी एखादं कूटगणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत किंवा जयंत हार मानेपर्यंत फळ्यावरच राही. पुढं केंब्रिजला १९५९ साली ते सीनिअर रँग्लर, म्हणजे गणितात पहिले, झाले, त्याचं कौतुक सगळेच करतात. मला मात्र तो फळा मोलाचा वाटतो. कागद, पेन्सिल आणि महिनोन्‌महिने डोक्यात मुरणारा एक प्रश्न, एवढंच या विषयाचं भांडवल. क्लासमध्ये झटपट पर्याय निवडायची सवय लागते, ती मोडावी लागेल. एक तरी गणित उत्तर न बघता सोडवत बस. आज नाही सुटलं तर उद्या, परवा.

दुसरी गोष्ट याहून अवघड. १९६४ साली त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉईल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला. वस्तूचं जडत्व तिचं एकटीचं नसतं, विश्वातल्या बाकी सगळ्या द्रव्यामुळं ते तिला मिळतं, ही त्यातली कल्पना. ऐन पंचविशीत नाव जगभर झालं. पण १९६५ साली आकाशात सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडल्याचं जाहीर झालं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाच्या बाजूला गेले. विश्वाला सुरुवातच नाही असं मानणारे नारळीकर अल्पमतात राहिले. १९९३ साली त्यांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्याच मताची सुधारित मांडणी केली; तीही फारशी स्वीकारली गेली नाही. तरी कडवटपणा न येऊ देता ते मुद्द्यांवर वाद घालत राहिले. अशी वेळ तुझ्यावरही येईल. कुठलं निरीक्षण आलं तर आपला सिद्धान्त पडेल, हे स्वतःच आधी लिहून ठेवत जा. आपल्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की आळेफाट्यापलीकडे खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. समीकरण कितीही देखणं असलं, तरी शेवटचा शब्द अशा नोंदींचाच.

१९७२ साली ते मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत परतले, १९८८ साली पुण्यात ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. मुलांनी सही मागितली की म्हणत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही करतो.

आता घरच्यांची काळजी. पदवी, एमएस्सी, मग पीएचडीची पाच-सहा वर्षं, त्यानंतर ठिकठिकाणी मुदतीच्या फेलोशिप. कायमची नोकरी मिळेतो तिशी उलटते. हे दाजींपासून लपवू नकोस. पुण्यात आयसर ही विज्ञानशिक्षणाची संस्था आहे, तिची प्रवेशपरीक्षा वेगळी. फॉर्मची तारीख चुकवू नकोस.

घरी बोलताना नोबेलच्या गोष्टी सांगू नकोस. तुला कशाचं उत्तर शोधायचंय, ते सांग. ते तुला नीट सांगता आलं, तर दाजींशी मी स्वतः बोलेन.

तुझा,
मामा