आपली भेग आपणच सांधणारा पदार्थ

झाडाच्या सालीवर घाव पडला की तेथून डिंक पाझरतो आणि घाव झाकून टाकतो. खेळताना मुलाचा गुडघा खरचटला तर रक्त गोठते, खपली धरते आणि काही दिवसांत नवी त्वचा येते. सजीवांस लाभलेली ही देणगी निर्जीव वस्तूंस मात्र नाही. तडकलेला माठ आपोआप सांधत नाही.

विमानांचे पंख, पवनचक्क्यांची पाती इत्यादी वस्तू आता इपॉक्सी नावाच्या राळेत कार्बनचे वा काचेचे तंतू बसवून बनवितात. असा संमिश्र पदार्थ हलका असूनही बळकट असतो. परंतु वारंवार ताण पडल्याने त्याच्या अंतर्भागात बारीक भेगा पडतात. त्या डोळ्यांस दिसत नाहीत व तेथवर कारागिराचा हातही पोहोचत नाही. भेग हळूहळू वाढत जाते आणि एके दिवशी सबंध भाग मोडतो.

या अदृश्य शत्रूवर उपाय काय? अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील स्कॉट व्हाइट, नॅन्सी सोटॉस, जेफ्री मूर व त्यांचे सहकारी यांनी २००१ साली एक युक्ती जगापुढे मांडली. राळ घट्ट होण्यापूर्वीच त्यांनी तिच्यात असंख्य सूक्ष्म कुप्या मिसळल्या. एकेक कुपी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. तिचे कवच अतिशय पातळ, आणि आत डायसायक्लोपेंटाडाईन नावाचा द्रव. राळेत सर्वत्र उत्प्रेरकाचे कणही पेरलेले होते.

भेग वाढत कुपीपर्यंत आली की कवच फुटते. दिव्याची वात जसे तेल ओढून घेते, तशी भेग तो द्रव ओढून घेते. उत्प्रेरकाचा स्पर्श होताच द्रवाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, द्रव घट्ट होतो आणि भेगेच्या दोन्ही बाजू जोडल्या जातात. मुद्दाम तडकविलेले नमुने संशोधकांनी ४८ तास तसेच ठेवले. पुन्हा ताण देऊन पाहता त्यांचा मूळचा चिवटपणा ७५ टक्क्यांपर्यंत परत आलेला आढळला.

तथापि कुपी एकदाच फुटते. त्याच जागी पुन्हा भेग पडली तर? ही उणीव भरून काढण्यासाठी २००७ साली त्याच विद्यापीठातील संशोधकांनी त्वचेखालील रक्तवाहिन्यांप्रमाणे सूक्ष्म नलिकांचे जाळे रचले आणि वरच्या थरातील तीच भेग सात वेळांपर्यंत सांधून दाखविली.

संकट कोठे उद्भवेल, हे आधी कळत नाही. म्हणून औषध सर्वत्र पेरून ठेवावे आणि घावानेच त्याची कुपी उघडावी, हा निसर्गाचा जुना धडा मानवाने येथे गिरविला आहे.