दिवसाच्या गाडीने मुंबईहून नाथसागरापर्यंत

मुंबईहून छत्रपती संभाजीनगरला जायचं म्हटलं की बहुतेकांच्या तोंडी आधी देवगिरी एक्सप्रेसचं नाव येतं. रात्री बसायचं, झोपायचं, पहाटे उतरायचं. कामासाठी जाणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. पण निव्वळ प्रवासाच्या आनंदासाठी निघणार असाल तर ही गाडी घेऊ नका. थळ घाट, गोदावरीचा पूल, अंकाई-टंकाई आणि देवगिरीचा किल्ला हे सगळं तिच्यात अंधारात निघून जातं. या सहलीची आखणी एकाच गोष्टीवरून करायची: कसारा ते इगतपुरी हा थळ घाटाचा टप्पा लख्ख उजेडात यायला हवा. गाडी, तारीख, डबा, मुक्काम हे सगळं त्यानंतर.

आधी महिना ठरवा. जुलैत घाटातले धबधबे जोरात असतात, पण तेव्हा नाथसागर, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय, बऱ्याचदा अर्धामुर्धाच असतो. वरच्या धरणांमधून पाणी सुटून जायकवाडी भरत यायला ऑगस्ट उलटतो. म्हणून ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हे दिवस सगळ्यांत चांगले. घाट हिरवा असतो आणि पाऊस चांगला झालेल्या वर्षी जलाशयही तुडुंब असतो. रोहित पक्षी बघायचे असतील तर मात्र हिवाळ्यात जावं लागेल आणि धबधब्यांवर पाणी सोडावं लागेल. दोन्ही एकाच फेरीत साधत नाही.

मग गाडी निवडा. सकाळी लवकर सुटणारी तपोवन, दुपारी बाराच्या सुमाराची जनशताब्दी आणि त्यानंतरची वंदे भारत, या तिन्ही घाटातून दिवसाच जातात. माझी पसंती तपोवनला. ती दुपारी संभाजीनगरला पोचते, म्हणजे अख्खी वाट उजेडात होते. जनशताब्दीने घाट छान दिसतो, पण देवगिरीपर्यंत संध्याकाळ होते. पावसाळी दिवशी तोवर अंधारूनही येतं. वंदे भारत झटपट नेते आणि बसायला ऐसपैस आहे, पण तिच्या खिडक्या उघडत नाहीत. पावसातल्या घाटाचा वास आत यायला हवा असेल तर तपोवनचं सेकंड सिटिंग घ्या. तिकीट स्वस्त पडतं आणि गजांची खिडकी उघडता येते, वारा थेट तोंडावर येतो.

आरक्षण ६० दिवस आधी खुलं होतं. शनिवार-रविवार आणि गणपतीचे दिवस धरायचे असतील तर पहिल्याच दिवशी करा. ऑनलाइन तिकीट काढताना खिडकीची पसंती नोंदवा. ती मिळेलच असं नाही, पण लवकर काढलेल्या तिकिटाला संधी जास्त. एक गोष्ट लक्षात ठेवा: स्टेशनचं नाव ऑक्टोबर २०२५मध्ये बदललं असून नवा कोड सीपीएसएन आहे. जुन्या सवयीने ‘औरंगाबाद’ शोधत बसू नका. तात्काळवर विसंबायचं असेल तर आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी १० आणि बाकीच्यांसाठी ११ वाजता तयार राहा, आणि खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हे त्याआधीच बघून ठेवा.

निघायच्या आदल्या रात्री पावसाचा अंदाज आणि गाडीची स्थिती तपासा. अतिवृष्टीत घाटात दरड कोसळली की गाड्या रद्द होतात किंवा वळवल्या जातात. अशा दिवशी हट्ट न धरता तारीख पुढे ढकलावी.

आता गाडीत बसल्यानंतरचं. कल्याणपर्यंत डुलकी काढली तरी चालेल. आसनगाव गेलं की सावध व्हा आणि कसाऱ्याला मुळीच झोपू नका. तिथे गाडी थांबते ती बँकरसाठी. ही जादा इंजिनं मागून लागतात आणि गाडीला घाटावर ढकलतात. जोडताना डब्याला हलका धक्का बसतो. १ : ३७ असा इथला चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गांवर याहून तीव्र चढ नाही. १८६५ साली हा मार्ग सुरू झाला. जेमतेम १५ किलोमीटरांत गाडी ३०० मीटरच्या आसपास वर चढते. बोगदा, दरी, पुन्हा बोगदा असं चालतं. मधला एहेगावचा उंच पूल आला की दोन्ही बाजूंना खाली बघा, डाव्या-उजव्या सीटचा वाद इथे उरत नाही. दारात मात्र उभं राहू नका. पावसात पायरी निसरडी असते, आणि बोगद्याची भिंत वाटते त्यापेक्षा जवळून जाते.

इगतपुरीला बँकर सुटतात, तेवढ्या वेळात वडापाव आणि चहा होतो. हा पाणलोटाचा माथा. कसाऱ्याच्या अंगाला पडलेला पाऊस भातसासारख्या नद्यांनी खाली जातो आणि मुंबईच्या नळांना येतो. इगतपुरीच्या अंगाचा पाऊस दारणेतून गोदावरीत आणि तिथून पैठणच्या नाथसागरात. संभाजीनगर पितं ते तिथलंच पाणी. म्हणजे घाट चढून आल्यावर तुमची गाडी आणि ते पाणी एकाच मुक्कामाकडे निघालेले असतात. नाशिकरोड सुटल्यावर लवकरच गोदावरीचा पूल येतो, तो चुकवू नका. नाशिक-नगरच्या धरणांतून मराठवाड्याला किती पाणी सोडायचं, हा वाद वर्षानुवर्षं चालू आहे. पुलावरून नदी पाहिली की त्या वादातलं पाणी नुसता आकडा राहत नाही.

पुढे निफाडच्या द्राक्षबागा, लासलगाव, मग मनमाड. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत इथे उतरून मीटरगेजची गाडी धरावी लागायची, कारण पुढचा मार्ग निजामाच्या रेल्वेचा होता. मनमाडनंतर अंकाई-टंकाईचे जोडकिल्ले अगदी जवळून दिसतात. त्यानंतर नगरसूल, रोटेगाव, लासूर असा सपाट टापू लागतो, जेवण तिथे उरकून घ्या. पोटूळनंतर पुन्हा खिडकीशी या. गाडीच्या चालीच्या दिशेने तोंड केलं की देवगिरी डाव्या हाताला येतो. ताशीव कडा आणि वर निमुळता होत गेलेला डोंगर लांबूनही ओळखू येतो. यादवांची ही राजधानी. मुहम्मद तुघलकाने १३२७मध्ये दिल्लीची राजधानी हलवली तीही इथेच.

संभाजीनगरला उतरलात की त्याच दिवशी पैठणला धावू नका. संध्याकाळी दिल्ली दरवाजाजवळच्या सलीम अली सरोवराच्या बाजूला फेरी मारा, रात्री नान खलिया खा आणि झोपा. वेरूळ करायचं असेल तर एक दिवस वाढवा, मंगळवारी लेणी बंद असतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यवर्ती बसस्थानकातून पैठणची एसटी धरा. अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे, पैठणला रेल्वे नाही. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. आधी संत एकनाथांच्या समाधीचं दर्शन घ्या, मग धरणाकडे जा. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेलं हे मातीचं धरण जवळपास १० किलोमीटर लांब आहे, दरवाजे २७. धरण भरून दरवाजे उघडले की बघ्यांची गर्दी उसळते आणि पोलीस बंदोबस्त लागतो, तेव्हा शक्यतो कामाचा वार निवडा. पाण्याचा पसारा ३५० चौरस किलोमीटरच्या घरात आहे. समोरचा काठ दिसत नाही. या पाण्याखाली कित्येक गावं गेली. काठच्या एखाद्या जुन्या माणसाशी बोलणं झालं तर त्याच्या गावाचं नाव जरूर विचारा.

परतीचं तिकीट जाण्याच्या तिकिटासोबतच काढा. जनशताब्दी आणि वंदे भारत दोन्ही सकाळी मुंबईकडे निघतात, त्यामुळे घाट पुन्हा उजेडात मिळतो. तपोवन परतीला दुपारी सुटते आणि घाटात यायला संध्याकाळ होते, तेव्हा ती टाळा. पैठणहून शहरात परतायला उशीर करू नका, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी वेळेत स्टेशन गाठायचं आहे.