खंबाटकीचा वळसा

हा मजकूर ‘मी’ या शब्दानं सुरू करायचा होता. तीनदा केला, तीनदा खोडला. ‘माझ्या मनात असं असं येतं’ हे लिहिताना आजही हात आखडतो, म्हणून लेखकानं स्वतःलाच ‘तो’ करून टाकलं आहे.

तो खंडाळ्याचा. नोकरी साताऱ्याला, गाडी स्वतःची. तेव्हा खंबाटकीची वाट अशी होती: साताऱ्याकडे जाणारी वाहनं घाट चढून जात, पुण्याकडे येणारी बोगद्यातून येत. दोन्ही वाटा एकेरी. एका सकाळी घाटाच्या वळणावर त्याच्या मनात आलं, स्टिअरिंग जरासं दरीकडे फिरवलं तर? फिरवायचं नव्हतं. घरी बायको होती, आठ महिन्यांची मुलगी होती, सगळं बरं चाललं होतं. तरी विचार आला आणि जाईना. पुढच्या आठवड्यात त्याला जोडीदार मिळाला: मघाशी चाकाखाली दणका बसला तो खड्ड्याचाच ना? का माणूस होता?

खात्री करायला मागं जावं, तर एकेरी घाट उलटा उतरता येत नाही. मग वेळे ओलांडून सुरूरकडे जायचं, गाडी वळवायची, बोगद्यातून पुन्हा खंडाळ्याकडे यायचं आणि नव्यानं घाट चढायचा. रस्त्यावर काही नसायचं. पण खाली उतरेपर्यंत वाटायचं, आपण नीट पाहिलंच नाही. एका दिवशी अशा तीन फेऱ्या झाल्या. साहेबांना त्यानं टायर पंक्चर झाल्याचं सांगितलं. त्या वर्षी त्याच्या गाडीचे टायर फार वेळा पंक्चर झाले.

घरातली गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. स्वयंपाकघरातली विळी दिसली की मुलीचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा आणि अंगावर काटा उभा राहायचा. तो रात्री विळी माळ्यावर ठेवू लागला. मुलीला एकट्यानं उचलून घेणं त्यानं बंद केलं. बायकोनं याचा आपल्या परीनं अर्थ लावला: मुलगी झाली म्हणून हे नाराज आहेत. ती दोन महिने धड बोलली नाही. खरं कारण सांगण्यापेक्षा त्याला हा गैरसमज परवडला.

आईला त्यानं अर्धंमुर्धं सांगून पाहिलं. ती दचकली. “आसलं अभद्र त्वांडातनं काढू नगंस बाबा, वास्तू तथास्तु म्हणती.”

आईचं चुकलं असं कसं म्हणावं? आपण सगळेच या तथास्तुवर वाढलो. घरात वाईट बोलायचं नाही, वाईट आणायचं नाही, कुणी बोललंच तर ‘शुभ बोल रे नाऱ्या’ म्हणून गप्प करायचं. मनात येणं आणि घडणं यांत जणू एका पावलाचंच अंतर. पण त्याच आईच्या बोलण्यात आणखी एक म्हण होती, ‘मन चिंती ते वैरी न चिंती’. वैऱ्याच्याही डोक्यात येणार नाही ते आपल्या मनात येतं, हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

संशोधकांनी ते मोजलं. रॅकमन आणि डि सिल्व्हा यांनी १९७८ साली दाखवलं की, कुठलाही आजार नसलेल्या माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांच्या मनात असे नकोसे विचार येतात, आणि त्यांचा मजकूर रुग्णांच्या विचारांशी चांगलाच जुळतो. पुढं २०१४ साली १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिथं हा आकडा ९४ टक्क्यांच्या घरात गेला. उंचावर उभं राहिल्यावर ‘उडी मारली तर’ असं वाटणं तर इतकं सामान्य आहे, की फ्लोरिडातल्या संशोधकांनी २०१२ साली त्यावर स्वतंत्र अभ्यास केला. जगणं कधीच नकोसं न झालेल्या कित्येकांनीही ‘हो, वाटतं’ असं सांगितलं.

मग सगळेच घाटात फेऱ्या का मारत नाहीत? कारण बहुतेकांना तो विचार फालतू वाटतो आणि ते पुढं जातात. ज्याला तो स्वतःच्या पापाचा पुरावा वाटतो, तो त्याला हाकलायला जातो. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली लोकांना ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ असं सांगितलं, तर अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिलं. हाकलणं, तपासणं, लपवणं, विचारत राहणं यात दिवस जाऊ लागला, की तो आजार होतो. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणतात. लोकांना वाटतं, मंत्रचळ म्हणजे सारखे हात धुणं. विळी माळ्यावर ठेवणारा माणूस त्यात कुणी धरत नाही. आयुष्यात कधी ना कधी शंभरातल्या एक ते तीन जणांना हा आजार गाठतो.

त्याची दोन वर्षं वाया गेली. एका देवरुष्यानं लिंबू उतरवलं. एका डॉक्टरांनी न ऐकताच झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. अर्थात त्यानंही त्यांना ‘झोप लागत नाही’ एवढंच सांगितलं होतं, हेही कबूल करायला हवं. देवरुष्याकडून निदान मार तरी पडला नाही. साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य वेचलं, त्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा गुन्हा आहे.

शेवटी साताऱ्याला एका मानसोपचारतज्ज्ञांपुढं बसल्यावर त्यानं सगळं एका दमात सांगितलं आणि पोलिसांना फोन जाईल म्हणून दाराकडं पाहत राहिला. डॉक्टरांनी विचारलं, “हे विचार तुम्हाला हवेसे वाटतात, का त्यांची भीती वाटते?” भीती वाटते म्हणाला. “मग तुम्ही बरोबर ठिकाणी आलात.”

गोळ्या सुरू झाल्या. या आजारात त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात, हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस तिसऱ्या आठवड्यात मनानंच बंद करतो. सोबत वर्तनोपचार. थोडक्यात, भीतीला सामोरं जायचं आणि खात्री मात्र करून घ्यायची नाही. घाट चढायचा, दणका बसला असं नुसतं वाटलं तर वळसा घालायचा नाही, छाती धडधडत असली तरी साताऱ्यालाच जायचं. विळी खाली आली. मुलीला आंघोळ घालायचं काम त्याच्याकडं आलं. बायकोलाही बोलावून घेतलं होतं. ‘काही झालं नाही ना?’ असं त्यानं विचारलं की ती दिवसातून वीसदा ‘नाही हो’ म्हणायची; ते थांबवायला सांगितलं. तिला हे सगळ्यात जड गेलं. पण त्याच दिवशी विळीचं कोडं तिला उलगडलं.

ज्याला हे आपलंच वाटतंय, त्यानं डॉक्टरांपुढं ‘टेन्शन आहे’ म्हणून थांबू नये. विचार जसाच्या तसा सांगावा, लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्यावा. नव्यानं आई-बाप झालेल्यांनी तर नक्कीच; बाळाविषयीचे असे विचार त्यांच्यात खूप आढळतात. मात्र मरावंसंच वाटू लागलं, कसं मरायचं ते ठरू लागलं, कुणाला इजा करावी हे पटू लागलं किंवा आवाज आज्ञा देऊ लागले, तर ती गोष्ट वेगळी. तेव्हा एकट्यानं राहू नये, घरच्यांना सांगून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्री-अपरात्री टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. सरकारनं तो ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केला, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

गेल्या पावसाळ्यात घाटात धुकं होतं, खड्डेही होते. दणका बसला. पोट ढवळलं. तो सुरूरला थांबला, चहा घेतला, आणि न राहवून घरी फोन लावला. “अगं, मघाशी घाटात...”

“येताना मेथी आणा,” ती म्हणाली. “आणि कोथिंबीर. बघून घ्या, मागच्या वेळी पिवळी आणली होती.”