इंग्रजी वाक्प्रचार शिकूया : ‘जंप द गन’



‘जंप’ म्हणजे उडी मारणे आणि ‘गन’ म्हणजे बंदूक, हे आपल्याला पाठ आहे. पण ‘जंप द गन’ म्हणजे बंदुकीवरून उडी मारणे नव्हे! आपण ‘नाकाने कांदे सोलणे’ म्हणतो, तेव्हा कोणी खरेच कांदे घेऊन बसते का? तसेच हे.

अर्थ : इशारा होण्याआधीच एकदम सुटणे, वेळेआधी घाईने काम सुरू करणे.

उगम : हा वाक्प्रचार धावण्याच्या शर्यतीतून आला. आपल्या मैदानावर गुरुजी शिट्टी वाजवतात, मोठ्या शर्यतीत पिस्तुलाचा बार होतो. बाराआधीच जो सुटला, त्याने ‘जंप द गन’ केले. २०१० पासून नियम फार कडक झाला. एकदा जरी असे झाले तरी धावपटू बाद! २८ ऑगस्ट २०११ रोजी दक्षिण कोरियातील देगू येथे जागतिक स्पर्धेत १०० मीटरची अंतिम शर्यत होती. जगात सर्वांत वेगवान असलेला जमैकाचा उसेन बोल्ट बाराआधी सुटला आणि बाद झाला. सुवर्णपदक त्याच्याच देशाच्या योहान ब्लेकला मिळाले. म्हणजे पायात वेग असून भागत नाही, इशाऱ्यापर्यंत थांबताही आले पाहिजे.

उपयोग :

१) परीक्षेत प्रश्न पुरता वाचण्याआधी उत्तर लिहू नये. ‘डोन्ट जंप द गन.’

२) मृगाची एक सर आली की काहीजण लगेच तिफण जुंपतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा, असे कृषी खाते सांगते. पुढे पावसाने ओढ दिली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाण्याचा खर्च पुन्हा.

३) आपल्या मराठीत म्हण आहे : उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. पण कधी कधी नवरा उतावळा नसतो, घरचेच उतावळे असतात! कायद्याने मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण झाल्याशिवाय लग्न करता येत नाही. पालकहो, आम्ही सातवीच्या मुली अजून शर्यतीच्या रेघेवर उभ्या आहोत. आठवी, नववी, दहावी आम्हाला धावायची आहे. तेव्हा आमच्या बाबतीत कृपा करून ‘डोन्ट जंप द गन’!

अभ्यास : या वाक्प्रचाराचे स्वतःचे एक वाक्य लिहून फळ्याखालच्या पेटीत टाका. आई-बाबांनी मराठीत लिहिले तरी चालेल.

— इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी