पास्काच्या दुपारी नव्हे, आदल्याच रात्री

बाय, काल फोनवर तू म्हणालीस, "ताई, उपवासकाळात चाळीस दिवस माझा नवरा दारूच्या थेंबाला शिवत नाही. मग त्याला व्यसनी कसं म्हणायचं?" फोन ठेवून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. हेच वाक्य मी तुझ्या भाऊजींबद्दल अकरा वर्षं बोलत होते गं.

आपल्या वसईत किती घरांत हे चालतं! राखेच्या बुधवारी बाटली बंद. पास्काच्या दुपारी जेवणाबरोबर पुन्हा चालू. आमच्याकडे तर दुपारचीही वाट पाहिली जायची नाही. शनिवारी रात्रीची मिस्सा आटोपून घरी आलो, मी अजून साडीही बदलली नव्हती, तेवढ्यात आतून ग्लासात बर्फ पडल्याचा आवाज आला. तेव्हा कळलं, हे चाळीस दिवस दारू सुटली नव्हती, ते नुसते दिवस मोजत होते. ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, मिटिंगमध्ये चाळीस दिवसांचा शब्द कुणी मागत नाही. आजचा दिवस प्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या.

हा आजार आहे, हे आधी मनाशी पक्कं कर. नुसतं पाप म्हटलं की तो पापनिवेदन करून येतो, रडतो, आपणही रडतो आणि आठवड्यात पुन्हा तेच. वांद्र्याच्या मोत माउलीला मेणबत्त्या मीही लावल्या, आजही लावते. पण जे हातपाय आपण हलवायचे, ते तिच्यावर टाकून कसं चालेल?

फादर जो परेरांचं नाव तू ऐकलंयस. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आधाराने त्यांनी १९८१ साली 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. वसईतही त्यांचं केंद्र आहे. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण मला मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. ते स्वतः दारूत अडकले होते, ए.ए.च्या आधाराने सावरले आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. झगा घातलेला धर्मगुरू चारचौघांत असं सांगू शकतो, आणि आपण शेजारणीला "यांना ताप आहे" म्हणून सांगत बसतो. ते बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, म्हणून कृपात प्रार्थनेबरोबर योगासनंही आली. तिथे कुणाचा धर्म विचारत नाहीत, हेही तुझ्या सासूबाईंना सांग.

आता दोन गोष्टी, त्या मात्र माझ्यावर रागावलीस तरी ऐक. 'नकळत दारू सोडवा' म्हणून ज्या गोळ्या मिळतात, त्या आमटीत घालायच्या नाहीत. त्यांत डायसल्फिराम असलं आणि वरून तो प्यायला, तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. आणि खोलीत कोंडून एकदम दारू तोडायची नाही. रोज पिणाऱ्याची अचानक बंद झाली तर दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, नसलेली माणसं दिसू लागतात. म्हणून आधी डॉक्टर, त्यांच्या देखरेखीखाली अंगातली दारू उतरवायची, मग बाकीचं सगळं.

आणि तू? मी बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीने खूण करायचे, किती कमी झाली ते बघायला. फाटकाची कडी कशी वाजली त्यावरून आमचा धाकटा सांगायचा, "बाबा आज पिऊन आलेत." सात वर्षांचं पोर! हे लक्षात आलं त्या दिवशी मी पेन्सिल टाकली आणि अ‍ॅल-अ‍ॅनॉनला गेले. ती आपल्यासारख्या घरच्यांची मिटिंग. पहिल्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही, कुणी बोलायलाही लावलं नाही. यांच्या ऑफिसात खोटे फोन करायचं मी तिथेच सोडलं.

लगेच सगळं सुरळीत होईल असंही धरू नकोस. केंद्रातून आल्यावर सातव्या महिन्यात, एका लग्नात, हे घसरले. मी म्हटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी हे स्वतःच मिटिंगला गेले, मागच्या बाकावर बसले आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागले.

ए.ए.ची सुरुवातच अशी झाली म्हणतात: १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी तासन्‌तास बोलत बसला. तेव्हा तू त्याला समजवायला जाऊ नकोस, तुझं ऐकून तो कंटाळलाय. रविवारी सकाळी, त्याची उतरलेली असेल तेव्हा, मी भाऊजींना घेऊन येते. ते दोघं ओट्यावर बसतील. तू आत माझ्याबरोबर चहा टाक, आणि बाहेर काय चाललंय ते बघायला खिडकीशी येऊ नकोस.