पाठ 8 : छंदाच्या दागिन्यांचा हिशेब

या पाठात आपण काय शिकणार आहोत?
• हाताने केलेल्या दागिन्याची किंमत कशी ठरवायची
• दुकानात 'जांगड' माल ठेवताना कोणती काळजी घ्यायची
• या छंदात बचतीतला किती पैसा घालायचा
• नोंदणी, कर आणि कर्ज यांबद्दल किमान माहिती

म्हैसूरमध्ये राहत असाल तर हाताने केलेल्या दागिन्यांचे सामान तुमच्या अंगणातच आहे, असे म्हणायला हरकत नाही. बेंगळुरू रस्त्यावरच्या चन्नपट्टणात लाखेच्या रंगाने चकाकणारे लाकडी मणी तयार होतात. देवराज मार्केटच्या परिसरात दोरा, तार, कड्या मिळतात. गिऱ्हाईकही आहे : राजवाडा पाहायला येणारे पर्यटक वर्षभर असतात आणि दसऱ्यात, दोड्डकेरे मैदानावरच्या प्रदर्शनाच्या दिवसांत तर गर्दीच असते. त्यामुळे दुपारच्या वेळात कानातले, माळा, बांगड्या करायच्या आणि ओळखीच्या दुकानात विकायला ठेवायच्या, हे अनेक घरांत चालते.

छंद चांगला आहे. मात्र बँकेत बसून आम्हाला एक गोष्ट दिसते. विक्री होते, कौतुक होते, आणि वर्षअखेरीला बचत खात्यातली शिल्लक मात्र कमी झालेली असते. पैसा बुडालेला नसतो, तो दुकानांच्या शेल्फवर अडकलेला असतो. तो का अडकतो, ते आकड्यांनी पाहू.

1. एका जोडाची खरी किंमत

समजा, तुम्ही चन्नपट्टणी मण्यांचे कानातले करता. एका जोडाचा खर्च असा मांडा :

लाकडी मणी – 22 रुपये
हूक, तार, कड्या – 8 रुपये
कार्ड आणि पाकीट – 5 रुपये
रिक्षाभाडे आणि वाया जाणारा माल – 5 रुपये
एकूण रोख खर्च – 40 रुपये
तुमची मजुरी (अर्धा तास, ताशी 80 रुपयांप्रमाणे) – 40 रुपये
एकूण – 80 रुपये

मजुरी धरायलाच हवी. 'घरी बसूनच तर करते' असे म्हणून ती सोडून दिली, तर उद्या मागणी वाढून मदतीला बाई ठेवावी लागली की हिशेब तुटतो.

आता दुकानदार म्हणतो, 'माझे 30 टक्के.' इथे बहुतेकांची एक चूक होते. 80 रुपयांवर 30 टक्के म्हणजे 24 रुपये चढवून ते 104 रुपये किंमत लावतात. पण दुकानदार 30 टक्के कापतो ते विक्रीच्या किमतीवर, तुमच्या खर्चावर नाही. 104 चे 30 टक्के म्हणजे 31 रुपये 20 पैसे. तुमच्या हाती येतात 72 रुपये 80 पैसे. प्रत्येक जोडामागे 7 रुपये 20 पैसे तोटा. 100 जोड विकले तर 720 रुपये तोटा. जितकी विक्री जास्त, तितका तोटा जास्त!

योग्य रीत अशी : दुकानदाराचे 30 टक्के गेल्यावर तुमच्याकडे 70 टक्के उरतात. म्हणून 80 ला 0.70 ने भागा. उत्तर येते सुमारे 114. ही फक्त खर्च भरून निघण्याची किंमत झाली. नफा हवा असेल तर किंमत त्याच्या वर हवी. 140 रुपये लावले तर दुकानदाराला 42 आणि तुम्हाला 98 मिळतील. त्यात 40 सामानाचे, 40 मजुरीचे आणि 18 रुपये नफा.

140 रुपयांना गिऱ्हाईक मिळत नसेल, तर किंमत पाडण्याआधी दोन गोष्टी पाहा. सामान घाऊक घेऊन स्वस्त पडते का? आणि अर्ध्या तासाचे काम वीस मिनिटांत होईल असा नमुना करता येतो का?

2. जांगड म्हणजे काय?

दुकानदार माल दोन प्रकारे घेतो. एक, रोखीने किंवा उधारीवर विकत घेतो. दोन, जांगड घेतो. म्हणजे माल त्याच्या दुकानात राहतो, विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. छंद म्हणून काम करणाऱ्यांचा माल बहुधा जांगडच घेतला जातो.

जांगडीत दुकानदाराचा एक पैसाही अडकत नाही, सगळे भांडवल तुमचे असते. म्हणून रोखीने घेणाऱ्याला कमी दर लावणे रास्त आहे. 30 टक्क्यांनी जांगड ठेवण्यापेक्षा 35 टक्के वटाव देऊन रोख विकणे पुष्कळदा परवडते. वरच्या हिशेबात 140 वर 35 टक्के दिले तरी तुम्हाला 91 रुपये मिळतात, आणि तेही त्याच दिवशी.

जांगड द्यायचेच असेल तर दोन प्रतींत चिठ्ठी करा. एक दुकानात, एक तुमच्याकडे. तिच्यावर एवढे असू द्या :
• तारीख, नमुना आणि नगांची संख्या
• विक्रीची किंमत आणि दुकानाचे टक्के
• हिशेब कोणत्या दिवशी (उदा. दर महिन्याची 5 तारीख)
• न विकलेला माल परत करण्याची शेवटची तारीख
• तुटफूट किंवा चोरी झाल्यास भरपाई कोणी द्यायची
• दुकानाचा शिक्का आणि सही

चिठ्ठी कानडीत असली तरी चालेल. आकडे आणि सही महत्त्वाची. परत करण्याची तारीख लिहिण्यामागे कायद्याचा आधार आहे. वस्तू विक्री कायदा, 1930 च्या कलम 24 नुसार, 'पसंत पडल्यास ठेवा, नाही तर परत करा' अशा बोलीने दिलेला माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीनंतरही नकार न कळवता ठेवून घेतला, तर तो त्याने विकत घेतला असे धरले जाते. तारीखच लिहिली नसेल तर 'वाजवी मुदत' किती, यावरच वाद होतो. ओळखीच्या माणसाकडे चिठ्ठी मागायला संकोच वाटतो, पण चिठ्ठी असली की ओळख टिकते.

3. पैसा शेल्फवर कसा अडकतो?

समजा, तुम्ही तीन दुकानांत प्रत्येकी 40, म्हणजे 120 जोड ठेवले. रोख खर्च झाला 120 × 40 = 4,800 रुपये. दोन महिन्यांत 50 जोड विकले गेले. तुम्हाला मिळाले 50 × 98 = 4,900 रुपये.

वहीत नफा दिसतो : मजुरीचे 2,000 आणि वर 900 रुपये. पण हातात पाहिले तर दोन महिन्यांत फक्त 100 रुपये वाढले. बाकीचे 2,800 रुपये 70 जोडांच्या रूपाने दुकानांत लटकलेले आहेत. आता त्या 4,900 मधून पुन्हा 120 जोडांचे सामान आणले, तर पैसा फिरतच राहील आणि घरात काहीच येणार नाही.

म्हणून हा नियम पाळा : जितके विकले गेले तितकेच नवे करा. जो नमुना दोन महिने हलला नाही, तो परत आणा, मणी सोडवा आणि दुसरे काही ओवा.

4. बचतीतला किती पैसा घालावा?

घराच्या तीन ते सहा महिन्यांच्या खर्चाची रक्कम बाजूला असेल, तरच उरलेल्या पैशातून या छंदाला ठरावीक रक्कम द्या. ती वेगळ्या खात्यात ठेवा. दुकानदाराचे पैसे त्याच खात्यात घ्या आणि सामानाचा खर्च त्यातूनच करा. मग वेगळा हिशेब ठेवायचे निम्मे काम पासबुकच करते. व्यवहार नियमित आणि मोठे होऊ लागले की बँकेत विचारून चालू खाते उघडा. दर महिन्याला हाती आलेल्या नफ्यातून थोडी रक्कम आवर्ती ठेवीत टाका. ती खरी कमाई.

खरी परीक्षा दसऱ्याच्या आधी असते. एखादे दुकान म्हणते, '500 जोड द्या, सगळे खपतील.' 500 जोड म्हणजे 20,000 रुपयांचे सामान आणि 250 तासांचे काम. अशा वेळी मुदत ठेव मोडण्याचा मोह होतो. थांबा. आधी दुकानदाराला विचारा : निम्मी रक्कम आगाऊ द्याल का? तो देत असेल तर मागणी खरी आहे. देत नसेल, तर 50-50 चे लॉट द्या. पहिला संपला की दुसरा. पैसा लागलाच तर ठेव मोडण्याऐवजी ठेवीवर कर्ज मिळते का ते पाहा. मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. पण जांगड मालासाठी कर्ज काढू नका. हप्त्याची तारीख ठरलेली असते, जांगडीच्या पैशाची नसते.

5. नोंदणी आणि कर

उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारच्या साहाय्याने होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ किंवा दलाल टाळा. नोंदणी असेल तर 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याचे संरक्षण मिळते : माल विकत घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत, आणि काही झाले तरी 45 दिवसांच्या आत पैसे द्यायचे असतात. लेखी मुदत नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. मात्र जांगड मालात खरेदी कोणत्या दिवशी झाली हे आधी ठरावे लागते. इथेही ती चिठ्ठीच कामी येते.

फक्त कर्नाटकातच वस्तू विकत असाल तर वर्षाला 40 लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पुण्या-कोल्हापूरच्या दुकानांत माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे आहेत. आधी कर सल्लागाराला विचारा. छंदाचे उत्पन्न असले तरी नफा आयकराच्या विवरणपत्रात दाखवायचा असतो.

आणि एक सावधगिरी : पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. 'मोठी ऑर्डर आहे, आगाऊ रक्कम पाठवतो, फक्त पिन टाका' असे कोणी म्हणाले तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार करा.

लक्षात ठेवा
• खर्चात मजुरी धरा.
• दुकानाचे टक्के विक्रीच्या किमतीवर कापले जातात.
• तारीख आणि सहीशिवाय जांगड नाही.
• विकले तेवढेच नवे करा.
• आणीबाणीच्या पैशाला हात नाही.

करून पाहा
1. तुमच्या एका दागिन्याचा खर्च वरीलप्रमाणे लिहा. दुकानाचे 25 टक्के असतील तर किमान किंमत किती? (सूचना : 0.75 ने भागा.)
2. आज तुमचे किती नग कोणत्या दुकानात आहेत? त्यांच्या सामानाची रक्कम काढा आणि ती तुमच्या बचतीच्या किती टक्के आहे ते पाहा.