ठाण्याला उतरणारा माणूस

पास सीएसएमटीपर्यंतचा, आणि मी मात्र आठवड्यातून दोन-तीनदा ठाण्यालाच उतरायचो. डोंबिवलीच्या फास्टमधल्या आमच्या ग्रुपने मला ‘ठाण्याला उतरणारा’ हे नावच पाडलं होतं. कारण सांगायची सोय नव्हती. लोकलमध्ये शौचालय नाही, आमची गाडी ठाण्यानंतर थेट घाटकोपरला थांबायची, आणि दिव्याच्या आसपास पोटात मुरडा आला की पुढचा प्रवास म्हणजे जुगार. ठाण्याच्या पैसे देऊन वापरायच्या शौचालयासाठी खिशात पाचाची सुटी नाणी कायम असायची.

सुरुवात झाली भाच्याच्या लग्नात. पंगतीतलं काहीतरी बाधलं, चार दिवस जुलाब, सलाईन. गॅस्ट्रो बरा झाला, पोट मात्र पूर्वीचं राहिलं नाही. कधी दिवसातून पाच वेळा जायचं, कधी दोन दिवस काहीच नाही. दुखायचंही, गेल्यावर जरा बरं वाटायचं.

इथे मी जी चूक केली ती तुम्ही करू नका. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने ‘अमिबा असेल’ म्हटलं आणि मी दोन वर्षांत मेट्रोनिडाझोलचे किती कोर्स गिळले याचा हिशेब नाही. एकदाही शौचाची तपासणी केली नाही. अँटिबायोटिक्सचा मारा हे या दुखण्याचं कारण नसलं, तरी त्याने धोका वाढतो असं दिसून आलंय, हे मला फार उशिरा कळलं.

शेवटी पोटाच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं : इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आयबीएस. गॅस्ट्रोनंतर साधारण दहातल्या एकाला हे मागे लागतं, असं ते म्हणाले. कॅनडातल्या वॉकरटन गावाची गोष्टही त्यांनीच सांगितली. मे २००० मध्ये मुसळधार पावसात गुरांचं शेण गावाच्या विहिरीत उतरलं, सुमारे २३०० माणसं आजारी पडली, ७ दगावली. पुढे दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर ज्यांचा गॅस्ट्रो डॉक्टरी नोंदीत होता त्यांच्यापैकी ३६ टक्क्यांना आयबीएस होता. आजारी न पडलेल्यांत १० टक्के. आठ वर्षांनीही आजारी पडलेल्यांतल्या १५ टक्के लोकांना त्रास होताच. गॅस्ट्रो जितका जोरदार आणि लांबलेला, तितका धोका जास्त. काळजी, नैराश्य असेल तर आणखी. (तरी ‘सगळे मनाचे खेळ’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी अजून माफ केलेलं नाही. खेळ असतील, पण मुरडा खराच येतो.)

जगभर हा त्रास बायकांत जास्त आढळतो. आपल्याकडे दवाखान्यात मात्र पुरुष जास्त दिसतात. बायका तिथवर पोचतच नाहीत, असा माझा तर्क. आयबीएस ठरवायच्या २०१६ च्या कडक निकषांनी मोजलं तर जगात शंभरात चारेक जण निघतात, जुन्या निकषांनी नऊ-दहा. गर्दीच्या वेळी आमच्या डब्यात दोनशे माणसं सहज असतात. म्हणजे निदान आठ तरी.

फायबर हवं म्हणून मी आधी गव्हाचा कोंडा खाल्ला. पोट ढोलासारखं फुगलं. इसबगोल सोसलं, तेही अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर. कांदा, लसूण, गहू, राजमा, दूध यांतलं नेमकं काय बाधतं ते आहारतज्ज्ञांच्या मदतीने काही आठवडे बंद करून, मग एकेक परत आणून शोधलं. माझं दूध निघालं. सगळंच कायमचं सोडून वाळत बसू नका.

पण शौचातून रक्त, वजन घटणं, ॲनिमिया, ताप, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, किंवा पन्नाशीच्या पुढे नव्यानेच सुरू झालेला त्रास, यांतलं काहीही असेल तर ‘आयबीएसच असेल’ म्हणून घरी बसू नका. ते दुसरंच काही असू शकतं.

परवा बऱ्याच दिवसांनी ठाण्याला उतरावं लागलं. रांगेत पुढे आमच्या डब्यातले भजनात टाळ धरणारे काका. मला बघून आधी ओशाळले, मग हसले. ‘वीस वर्षं झाली,’ म्हणाले, ‘मी मुलुंडला उतरायचो. स्लो गाडी धरून.’ मग हळूच विचारलं, ‘सुटे पाच आहेत का हो?’